घड्याळाला मास्तर करू नका

परवा सकाळी रंकाळ्यावर भांडण झालं. भांडणारे तिघेही सुशिक्षित, तिघेही माझे जुने विद्यार्थी. आणि भांडणाचा विषय काय, तर आपण आत्ता किती धावलो!

संध्यामठापासून तिघं एकदम निघाले, तळ्याला पुरी फेरी मारून तिथेच एकदम थांबले. तिघांच्या मनगटावर तीन जीपीएस घड्याळं आणि तिन्हींवर तीन आकडे. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांच्यात सव्वाशे मीटरचा फरक. ज्याचा आकडा कमी आला तो चक्क हिरमुसला. "सर, पेस गेला की माझा!" म्हणाला. जी फेरी त्याने स्वतःच्या पायांनी पुरी केली, ती घड्याळाच्या लेखी अपुरी राहिली म्हणून त्याच्याही लेखी अपुरी.

दुसरा गुडघा चोळत होता. मी म्हटलं, "दुखतोय तर दोन दिवस थांब की." तो म्हणाला, "सर, आठवड्याचं टार्गेट आहे, नऊ किलोमीटर राहिलेत अजून." मी गुडघ्याकडे बोट दाखवत होतो आणि तो घड्याळाकडे.

मी हसलो. पण लगेच ओशाळलोही. कारण असलंच एक घड्याळ माझ्याही मनगटावर आहे. सत्तरीला चिरंजीवांनी बंगळुरूहून आणून दिलं. मी काही फार धावत नाही, थोडं चालायचं, थोडं पळायचं, पुन्हा चालायचं. पण गेल्या पावसाळ्यात घरी पोचलो तेव्हा घड्याळात ४.८ किलोमीटर झाले होते. मनात आलं, पाच करूया. म्हणून आमच्या बोळातच येरझाऱ्या घालू लागलो. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "सर, काही हरवलंय का?" उत्तर देताना शेवाळावरून पाय घसरला आणि घोटा मुरगळला. पुढचे तीन आठवडे शून्य किलोमीटर. हिशेब तुम्हीच करा.

तर मंडळी, हा लेख त्या घड्याळावर आहे. खरं तर घड्याळावर नाही, आपल्यावर आहे.

आमच्या तिघांपैकी एकाचं आवडतं वाक्य आहे, "सर, डेटा खोटं बोलत नाही." मला या वाक्याशी भांडायचं आहे. एक तर घड्याळावर दिसणारं सगळं मोजलेलं नसतं. काही मोजलेलं असतं, काही हिशेबाने काढलेलं असतं आणि काही सरळसरळ अंदाज असतो. पडद्यावर मात्र तिन्ही सारख्याच ठसठशीत अक्षरांत येतात.

वेळ मोजलेली असते, तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. अंतर हे हिशेबाने येतं. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोचले यावरून घड्याळ आपली जागा ठरवतं आणि अशा जागा जोडत जाऊन अंतर काढतं. हा चमत्कारच आहे, मी तो नाकारत नाही. पण मोकळ्या आभाळाखालीही प्रत्येक जागेत काही मीटर इकडेतिकडे होतातच. वर दाट झाडी आली, बाजूला उंच इमारत आली, की संदेश भिंतीवर आपटून उशिरा येतो आणि चूक वाढते. एकाच रस्त्यावर तीन घड्याळांचे तीन आकडे येतात ते यामुळे. त्यात कुणाची लबाडी नाही आणि कुणाचा पराभवही नाही.

हाफ मॅरेथॉन झाली की दर वेळी तक्रार ऐकू येते, "कोर्स जास्त होता, माझ्या घड्याळात साडेएकवीस आले." अहो, प्रमाणित शर्यतीचा मार्ग खास मापक बसवलेल्या सायकलीने, वळणावळणाला जवळात जवळची रेषा धरून मोजतात. वर तो कमी भरू नये म्हणून हजार मीटरला एक मीटर मुद्दाम जास्त धरतात. आपण गर्दीतून नागमोडी धावतो आणि दोष संयोजकांना देतो!

आता नाडीचे ठोके. घड्याळाच्या पोटाखाली हिरवा दिवा असतो. कातडीखालून रक्त उसळत जातं तसा परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, त्यावरून ठोके काढतात. पट्टा सैल असला, हात गार पडले, की हे गणित चुकतं. कधी कधी तर ते ठोक्यांऐवजी पावलांचा तालच मोजून मोकळं होतं.

आणि शेवटी निव्वळ अंदाज. कॅलरी, 'फिटनेस एज', 'इतके तास विश्रांती घ्या' वगैरे. यांच्या मुळाशी सूत्रं असतात आणि सूत्रांच्या मुळाशी सरासरी. जास्तीत जास्त नाडी म्हणजे २२० वजा वय, हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. १९७०च्या सुमारास आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून ढोबळमानाने ओढलेली ती एक रेघ होती. २००१ साली अधिक काळजीपूर्वक काढलेलं सूत्र आलं, २०८ वजा वयाच्या सात दशांश. माझं वय ७४. पहिल्या सूत्राने माझी मर्यादा १४६, दुसऱ्याने १५६. दहा ठोक्यांचा फरक, आणि माणसामाणसांतला फरक आणखी वेगळाच. आमच्या वयाचे कितीतरी लोक रक्तदाबाच्या अशा गोळ्या घेतात की ज्यांनी नाडी मुळातच मंद राहते. ते घड्याळाला ठाऊकच नसतं. आणि रोजची ती सुप्रसिद्ध दहा हजार पावलं? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला निघालं, त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मापक'. गोल आकडा, लक्षात राहणारा. तो आधी विकला गेला, शास्त्र मागाहून आलं.

इथे कुणीतरी म्हणेल, "म्हणूनच म्हणतो, पूर्वीचे लोक काय घड्याळं लावून धावत होते?" थांबा. माझा हा मुद्दा नाही. बारामतीच्या लता करे साडी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, ही गोष्ट आपण डोळे पुसत एकमेकांना पाठवतो. पण त्या नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करायला धावल्या. साधन नसणं ही त्यांची अडचण होती, तत्त्वज्ञान नव्हे. गरिबीला साधेपणाचं बक्षीस देऊन आपण मोकळे होऊ नये.

आणि मोजमापाशिवाय धावण्याचा खेळच उभा राहत नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, एकोणिसावा क्रमांक. शंभर वर्षांनंतर आपण त्यांच्याबद्दल अभिमानाने बोलतो, ते कुणीतरी वेळ लावली आणि लिहून ठेवली म्हणून. बीडच्या अविनाश साबळेने २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पुरी केली, तिथे तर सेकंदाचा शंभरावा भागही मोलाचा. तेव्हा मोजा, जरूर मोजा. प्रश्न मोजण्याचा नाही. मोजल्यावर निर्णय कुणी करायचा, हा आहे.

आपल्या कोल्हापुरात हे शिकायला लांब जायला नको. तालमीत जोर-बैठकांचे आकडे असतातच, हजार म्हणजे हजार. पण वस्ताद नुसता आकडा ऐकत नाही. तो पोराचा चेहरा बघतो, दम बघतो, रात्री झोपला की नाही विचारतो, आणि एखाद्याला सांगतो, "आज बस कर." आकडा पोराचा, निर्णय वस्तादाचा. घड्याळाला वस्ताद होता येत नाही, कारण त्याला "काय रे, घरी सगळं बरं आहे ना?" असं विचारता येत नाही. पन्हाळ्याच्या चढावर पेस निम्मा होतो, एप्रिलच्या उन्हात आणखी पडतो. त्या दिवशी तुम्ही कमी पडलात की जास्त झुंजलात, हे एकट्या पेसच्या आकड्यातून कसं कळणार?

हे मी इतक्या तावातावाने का सांगतोय, तेही सांगून टाकतो. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. म्हणजे छत्तीस वर्षं मीच ते घड्याळ होतो. एका मुलाला माझ्या विषयात पहिल्या चाचणीत ११ गुण पडले, सहामाहीला २२, वार्षिकला ३१. पास व्हायला ३५ लागत. मी लिहिलं, अनुत्तीर्ण. बेरीज दोनदा तपासली होती, एकाही गुणाची चूक नव्हती. ११ वरून ३१ वर आलेल्या मुलाबद्दल मी निकालपत्रकात एक अक्षर जास्त लिहिलं नाही, त्याच्या वडिलांना एक वाक्य सांगितलं नाही. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही.

आकडा खरा होता. निर्णय चुकला. "डेटा खोटं बोलत नाही" असं कुणी म्हटलं की मला तो मुलगा आठवतो. डेटा खोटं बोलला नव्हता, पण तो जेवढं बोलला त्यापलीकडे बघायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

म्हणून घोटा बरा झाल्यापासून मी एक नियम केला आहे. आधी वही, मग घड्याळ. घरी आल्यावर घड्याळाकडे न बघता वहीत एक ओळ लिहायची. आज कसं वाटलं, दम किती लागला, पळताना बोलता येत होतं का, काही दुखलं का. ही काही म्हाताऱ्याची लहर नव्हे बरं का. गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 'आपल्याला किती श्रम वाटले' याचीच ६ ते २० अशी मोजपट्टी केली आणि जगभरचे डॉक्टर ती वापरतात. ओळ लिहून झाली की मगच घड्याळ बघायचं. दोन्ही जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर त्या दिवशी शरीराचं ऐकायचं, आणि असं वारंवार होऊ लागलं तर डॉक्टरांकडे जायचं.

घड्याळ मी काढून ठेवलेलं नाही. चिरंजीवांनी घाबरून फोन करू नये म्हणून हे सांगतो. वाजवीपेक्षा जोरात पळू लागलो तर ते मला आवरतं, पडलो तर त्याला फोन लावेल, हे उपकारच आहेत. त्याला मी नोंदवहीचं काम दिलंय, मास्तराचं काढून घेतलंय.

काल ४.८ किलोमीटर झाले. वहिनी दारातच होत्या. मी सरळ घरात गेलो.

गुडघेवाल्याला हे छापून नेऊन देणार आहे. वाचेल की नाही, माहीत नाही. पण या वेळी निदान एक वाक्य तरी सांगितलं, एवढं समाधान.