साडेसहाची मंडळी

आमच्या वसईत लग्नाचं स्थळ सांगताना आधी गावाचं नाव येतं, मग आळीचं, आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "मिस्सेला कितीच्या येतात?" (मिस्सा म्हणजे चर्चमधली आमची उपासना.) साडेसहाच्या म्हटलं की माणसं बागायतवाली, पहाटे उठणारी, बोलायला कमी. आठच्या म्हणजे शाळा, बँक, पोरंबाळं, इस्त्रीचे कपडे. साडेनऊची मिस्सा इंग्रजी, त्यामुळे ती स्टेशनकडच्या इमारतींतल्या लोकांची. आणि संध्याकाळी सहाला येणारा माणूस एक तर रविवारी ड्युटी करून आलेला असतो, नाही तर शनिवारी रात्री उशिरा झोपलेला. या दोघांत फरक करायचा नसतो, असं आमचे जुने फादर सांगत.

विरार लोकलने तीस वर्षं नोकरी केल्यावर मला यात नवल वाटत नाही. सात बेचाळीसवाल्या बायका आणि सात एकावन्नवाल्या बायका एकाच फलाटावर उभ्या राहत. पण भिशी वेगळी, डोहाळजेवणं वेगळी, भांडणंही वेगळी. रेल्वेने टाइमटेबल बदललं आणि सात बेचाळीस रद्द झाली, तेव्हा आमच्या डब्यातली एक बाई अक्षरशः रडली होती. नऊ मिनिटांनी दुसरी गाडी होती. पण त्या गाडीत तिला कुणी ओळखत नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही यंदा धर्मग्राम परिषदेने नेमलेल्या वेळापत्रक समितीत मी बसले आणि व्हायची ती चूक आम्ही केलीच.

बदल्यांचा हंगाम मे-जूनचा. आमच्याकडे आंबे आणि धर्मगुरू साधारण एकाच सुमाराला उतरतात. यंदा साहाय्यक फादर गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दोन धर्मगुरूंच्या हिशेबाने रविवारच्या चार मिस्सा बसवलेल्या, शिवाय शनिवार संध्याकाळची एक. आता सगळं मोठ्या फादरांच्या एकट्याच्या अंगावर. त्यांचं वय साठीच्या पुढे, गुडघे त्याहून म्हातारे. त्यात नियम असा की धर्मगुरूने दिवसाला एक मिस्सा करावी. धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने रविवारी जास्तीत जास्त तीन. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, ही सोय 1983च्या कॅनन लॉमध्ये आहे, त्यामुळे ती वेगळी सुटली. गणित सोपं होतं. चारांतून एक गेली की तीन. कोणती, एवढंच ठरवायचं होतं.

मी बँकेतली. मी तक्ता केला. लागोपाठ चार रविवार दाराशी उभं राहून डोकी मोजली. आठला दोन्ही बाजूंचे व्हरांडे भरतात, शिवाय धर्मशिक्षणाची मुलं. साडेनऊला वाढ आहे. संध्याकाळी सहाला नर्स, दुकानवाले, हॉटेलवाले. त्यांना दुसरी वेळच नाही. साडेसहाला मागचे सहा बाक रिकामे. तक्ता स्वतःच बोलत होता. साडेसहाची बंद करावी, त्या लोकांनी आठला यावं, असा ठराव झाला. विरोध शून्य. बैठक पंचवीस मिनिटांत आटोपली आणि आम्ही एकमेकांचं कौतुक केलं.

विरोध शून्य का होता, हे मला नंतर कळलं. आमच्या समितीत सात जण. चौघे आठचे, दोघे साडेनऊचे, एक संध्याकाळचा. साडेसहाचं एकही माणूस नाही. कसं असेल? समितीच्या बैठका आठच्या मिस्सेनंतर, म्हणजे सव्वानऊला. तोवर साडेसहाची माणसं घरी जाऊन, पेज पिऊन, वाडीत खाली वाकलेली असतात.

साडेसहाची वेळ कुणी ठरवली, हे आमच्या ऑफिसातल्या कोणत्याही वहीत नाही. मला ते आजीकडून माहीत आहे. ती वेळ पोटाने ठरवली. आजीच्या तरुणपणी ज्याला ख्रिस्तशरीर स्वीकारायचं आहे त्याने मध्यरात्रीपासून काही खायचं नाही, प्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मग अंगमेहनतीच्या माणसाने मिस्सा लवकर उरकायला हवी, नाही तर दुपारपर्यंत उपाशी. 1953 साली पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असं जाहीर केलं आणि संध्याकाळच्या मिस्सेलाही वाट मोकळी करून दिली. 1957 साली उपवास तीन तासांवर आला. 1964 साली पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. रोममध्ये हे नियम सैल होत गेले, तरी आमची आजी शेवटपर्यंत रविवारी कोरड्या तोंडाने देवळात गेली. आम्ही तिला एक तासाचा नियम समजावला तर म्हणायची, "तुमचं पोट नवीन असंल, माझं जुनंच हाय."

दुसरं कारण फुलांचं. मोगऱ्याची कळी पहाटे खुडायची, उन्हं चढण्याआधी. दादरच्या बाजारात ती फुलायच्या आत पोचली पाहिजे. फुलांना रविवार नसतो. घरातलं अर्धं माणूस खुडायला, अर्धं मिस्सेला, आणि मिस्सेवाले परतले की टोपल्या उचलायच्या. आता वाड्या कमी झाल्या, विहिरींवर इमारती आल्या, हे खरं. पण ज्यांच्या उरल्या आहेत ते सगळे साडेसहाचे.

माझ्या एका मैत्रिणीचं माहेर नगरचं. 1831 सालापासून तिथे अमेरिकन मिशन, आणि ही त्या प्रॉटेस्टंट परंपरेतली. तिला मी आमचा तक्ता मोठ्या कौतुकाने सांगितला. ती म्हणाली, "तुमच्याकडे मंडळीने हे ऐकून घेतलं?" मंडळी हा त्यांचा शब्द. एका चर्चची माणसं म्हणजे मंडळी. 'आमच्या मंडळीत पाळकसाहेब नवीन आलेत,' असं ते बोलतात. आमचा कॅथलिकांचा शब्द धर्मग्राम. ग्राम म्हणजे गाव, म्हणजे शीव, हद्द, नकाशा. या ओढ्यापासून त्या रस्त्यापर्यंत. दोन्ही शब्द रोजच्या वापरातले असल्यामुळे मी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आम्ही धर्मग्रामाचं वेळापत्रक केलं होतं. मोडली होती मंडळी.

मग ती हसून म्हणाली, "आमच्याकडे 29 नोव्हेंबर 1970ला नागपुरात सहा चर्चं मिळून एक झाली. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, सगळी. आणि तुम्हाला दोन मिस्सा एक करता येईनात?" मी विचारलं, बाप्तिस्म्याचं कसं केलं? अँग्लिकन लेकरांना बाप्तिस्मा देतात, बॅप्टिस्ट फक्त कळत्या माणसांना. ती म्हणाली, दोन्ही ठेवलं. ज्याला जे हवं ते. मला हे उत्तर फार आवडलं. एवढे मोठे लोक एकत्र बसले आणि वाद मिटवण्याऐवजी दोन्ही बाजूंना जागा करून दिली. आमच्या समितीला ते सुचलं नाही, कारण आमच्यापुढे वाद आलाच नव्हता.

तो आला नवीन वेळापत्रकाच्या पहिल्या रविवारी, आणि आला तो मुकाट. मोठे फादर सहा चाळीसला खाली उतरले, तर चर्चमध्ये माणसं बसलेली. डाव्या बाजूला, बाजूच्या दाराजवळ, तीस-पस्तीस जण, आपापल्या जागी. रोझरी चाललेली. एक मावशी पुढे सांगत होत्या, बाकीचे मागून म्हणत होते. तक्रार नाही, अर्ज नाही, व्हॉट्सअॅपवर एक अक्षर नाही. (व्हॉट्सअॅपवर आमचे साडेनऊवाले असतात.) रोझरी संपली, त्यांनी क्रूसाची खूण केली, उठले आणि कामाला गेले. दुसऱ्या रविवारी तेच. त्यातले आठला आलेले मी मोजले. तीन.

फादर मला म्हणाले, "लॅटिन होतं तेव्हा लोक असेच करायचे. वेदीवर फादर पाठमोरे, त्यांचं त्यांचं चाललेलं, आणि खाली लोकांची रोझरी. घंटा वाजली की गुडघे टेकायचे." दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963च्या डिसेंबरात उपासनेत लोकभाषेला दार उघडलं, तेव्हा लोकांनी मिस्सेत भाग घ्यावा हा मुख्य हेतू होता. आणि आम्ही साठ वर्षांनी काही लोकांना पुन्हा रोझरीवर आणून सोडलं. फादर हे चिडून बोलले नाहीत. त्यामुळे जास्त लागलं.

मी मावशींकडे गेले. त्या सुकेळी उन्हात पसरत होत्या. केळं सोलून वाळवायचं काम, आणि पावसाने आधीच चार दिवस खाल्लेले. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आठला येऊन बसायचं कुठं? तिथं सगळ्यांची जागा ठरलेली." मी म्हटलं, बाक कुणाच्या नावाचे नसतात. त्यांनी मान वर केली. "तू कुठं बसतेस?" मी उजवीकडे, खांबाजवळ, तिसऱ्या बाकावर बसते. तीस वर्षं. पुढे बोलायला माझ्याकडे काही उरलं नाही.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. साडेसहाच्या मिस्सेला एक आजारी गृहस्थ मुलाच्या आधाराने येत. त्यांना चढवायला-उतरवायला चार हात तिथे ठरलेले. एका विधवेला दोन वर्षं घरून कुणी बोलावत नाही. तिचा चहा मिस्सेनंतर मावशींकडे. कुणाच्या घरी वर्षाची मिस्सा असली की बाकीचे काम टाकून थांबत, कबरस्तानात दोन मिनिटं उभे राहत. लॉकडाऊनमध्ये मार्च 2020पासून चर्च बंद झालं आणि 16 नोव्हेंबरला उघडलं, तेव्हा पहिल्या रविवारी सगळ्यात आधी हीच माणसं दारात होती. मी दाराशी उभी राहून मोजली ती नुसती डोकी.

आता गणित पुन्हा मांडायचं होतं, आणि या वेळी कुणाला तरी दुखणारच होतं. इंग्रजी मिस्सेला हात लावायची सूचना येताच आमच्या व्हॉट्सअॅपला ताप भरला. तुम्ही मराठी-मराठी करता, आमच्या मुलांना प्रवचन कळत नाही, असं एका बाजूने. वसईत मराठी मिस्सेलाच जागा नसेल तर कुठे असेल, असं दुसऱ्या बाजूने. दोन्हीकडचे निम्मे लोक घरात कुपारी बोलतात, आणि त्या बोलीत मिस्सा व्हावी असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही. मला वाटतं, देवाशी बोलताना आपण नेहमीच थोडी इस्त्री केलेली भाषा वापरतो. पूर्वी लॅटिन, मग पुस्तकी मराठी, आता इंग्रजी. पण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, आणि तो लिहिला तर मला आळीतून फिरता येणार नाही.

शेवटी झालं ते असं. पहिली मराठी मिस्सा पावणेसातला. आठची गेली. हो, आमचीच. मुलांची मिस्सा धर्मशिक्षणासकट साडेआठला, आणि ती आलटून पालटून: दोन रविवार मराठी, दोन रविवार इंग्रजी, पाचवा रविवार आला तर फादरांची मर्जी. साडेनऊवाल्यांना शनिवार संध्याकाळची इंग्रजी करून दिली. तिच्यावर ते अजून नाराज आहेत, पण येतात. संध्याकाळी सहाची जशी होती तशी. आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी मात्र राजीनामा दिला. पावणेसातला आपली बोटं चालत नाहीत म्हणाले. तेव्हापासून पहिल्या मिस्सेला पेटीच्या साथीवर गाणी होतात. सूर एक पट्टी खाली लागतो, आणि पहाटेच्या घशांना तो बरा पडतो.

मी आता पावणेसातला जाते. पहिल्या रविवारी सवयीने उजवीकडे, खांबाजवळ तिसऱ्या बाकाशी गेले. तिथे एक बागायतदार काका बसले होते. तीही कुणाची तरी जागा असते, हे मला सकाळच्या त्या वेळी कधी कळलंच नव्हतं. त्यांनी सरकून थोडी जागा केली. शांतीचा नमस्कार करताना त्यांच्या हातांना कळ्यांचा वास होता.

समितीची पुढची बैठक पावणेआठला, पहिली मिस्सा सुटली की लगेच. मावशींना मी सभासद म्हणून नाव द्या म्हटलं. त्यांनी विचारलं, किती वेळ चालते? मी म्हटलं, अर्धा तास. त्या म्हणाल्या, मागची पंचवीस मिनिटांची झाली होती म्हणे, एवढं काय बोलता?