बारा महिन्यांचा कांदा

आई फोडणीला कांदा रोज घेते. दिवाळीत घेते, शिमग्याला घेते, भर पावसातही घेते. पण शेतात कांदा काही बारा महिने उभा नसतो! मग तो येतो कुठून?

चला, राळेगणसिद्धीच्या शिवारात. इथले शेतकरी सांगतील, कांदा एक नाही, तीन आहेत. पावसाळी कांदा जुलै-ऑगस्टात लावायचा, तो दिवाळीच्या आगेमागे निघतो. रांगडा त्यानंतर लावायचा, तो संक्रांतीपासून निघू लागतो. आणि उन्हाळी, म्हणजे गावरान कांदा डिसेंबर-जानेवारीत लावून एप्रिल-मेमध्ये काढायचा. हा चाळीत चार-पाच महिने टिकतो. पावसाळी बिचारा टिकत नाही, त्याची मान जाड, साल पातळ.

आता खरी गंमत ऐका. प्रत्येक हंगामाचं बी वेगळं! आपल्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने पावसाळ्यासाठी 'बसवंत ७८०' दिला, उन्हाळीसाठी 'एन-२-४-१'. दिवस केवढा मोठा आणि हवा किती गार, हे कांद्याच्या रोपाला बरोबर कळतं. पावसाळी बी थंडीत लावलं, तर कांदा पोसण्याऐवजी फुलाचे दांडे येतात. त्यांना डेंगळे म्हणतात. शेतकऱ्याची चार महिन्यांची मेहनत वाया! आणि दिसायला सगळं बी सारखंच काळं. म्हणून पिशवीवरचं नाव नीट वाचायचं. (वाचायला येणारा मुलगा घरात असला की किती कामाला येतो बघा!)

पण नुसतं बी असून भागत नाही. उन्हाळी कांद्याला मार्च उजाडला तरी पाणी द्यावं लागतं. पारनेर तालुका तर अवर्षणाचा. १९७५ साली अण्णा हजारे गावी परतले. पुढे गावकऱ्यांनी श्रमदान करून नालाबांध घातले, पाझर तलाव नीट केला. विहिरींत पाणी टिकू लागलं, तेव्हा कुठे थंडीत कांदा लावायची हिंमत आली.

शाळेच्या परसबागेत हाच खेळ मुळ्यावर करता येतो. उन्हाळा-पावसाळ्यात 'पुसा चेतकी' लावा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार. थंडीत 'जपानी पांढरा' लावा. एका वाफ्यातला मुळा उपटायला आला की शेजारच्या वाफ्यात बी टाका. वहीत तारखा लिहून ठेवा. आणि आज घरातला कांदा हातात घेऊन त्याची मान चाचपून बघा, तीनपैकी कोणता ते ओळखा!