आगगाडीचा ढाळ, शेताचा ढाळ



गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे स्वित्झर्लंडला जाऊन आलो. परतल्यावर पारावर पहिला प्रश्न आला, "साहेब, तिकडच्या गाई कशा आहेत?" गाई पाहिल्या, चांगल्या आहेत. पण त्यातले चार दिवस मी आगगाड्या पाहण्यात आणि त्यांचे फोटो काढण्यात घालवले. "एवढ्या लांब जाऊन गाड्याच पाहिल्या?" असे कोणी म्हणेल. म्हणून त्या चार दिवसांचा हिशेब आज आपल्यापुढे मांडतो.

त्या देशाच्या पूर्वेला ऱ्हेशियन रेल्वे नावाची डोंगरी रेल्वे आहे. रूळ मीटरगेज, डबे तांबडे. तिचा बर्निना मार्ग १९१० साली पुरा झाला. सेंट मॉरिट्झहून निघालेली गाडी घाट ओलांडून इटलीतल्या तिरानो गावी उतरते. माथ्यावरचे स्टेशन समुद्रसपाटीपासून २२५३ मीटर उंचीवर आणि तिरानो ४२९ मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या उंचीपेक्षाही जास्त उतार ही गाडी सुमारे ३८ किलोमीटरांत उतरते, तेही दातेरी रुळाशिवाय. २००८ साली या मार्गाला जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याच वर्षी तो आपल्या कालका-शिमला रेल्वेलाही मिळाला.

हे जमते कसे? मार्ग आखणाऱ्यांनी ढाळाला हद्द घातली. कितीही अवघड जागा असो, शंभर फुटांना सात फुटांपेक्षा जास्त उतार द्यायचा नाही. ब्रुसिओ गावाजवळ दरीला उतार जास्त आणि जागा थोडी. तिथे सरळ उतरण्याऐवजी नऊ कमानींचा गोल पूल बांधला आहे. गाडी त्यावरून पूर्ण वळसा घेते आणि त्याच पुलाच्या एका कमानीखालून बाहेर पडते. वाट लांबते, पण उतार आटोक्यात राहतो.

तिथे गाडी साधारण तासाला एक येते. त्यामुळे फोटो काढणाऱ्याला घाई नसते. एकाच जागी उभे राहून मी दिवसभरात बरेच फोटो काढले. त्यात दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली, उतारावर डोळा फसतो. आपण नकळत कॅमेरा तिरका धरतो आणि फोटोत उतार सपाट दिसतो. जवळच्या घराची भिंत किंवा विजेचा खांब फोटोत उभा राहील असा कॅमेरा धरला, तरच खरा ढाळ उमटतो. दुसरी, एकाच जागेवरून काढलेले फोटो शेजारी ठेवले की काय बदलले ते लगेच कळते. निरनिराळ्या जागांवरून काढलेल्या फोटोंत ते कळत नाही.

आणखी एक सांगण्याजोगे. चांगल्या फोटोसाठी रुळावर जायचे नाही, हे तर कुठेही खरे. पण तिथे कुरणातही पाय टाकायचा नसतो. ते गवत म्हणजे त्यांचे पीक. कापून, वाळवून हिवाळाभर गाईंना तेच घालायचे असते. तुडवलेले गवत नीट कापले जात नाही. म्हणून मी पायवाटेवरच उभा राहिलो. आपल्या उभ्या हरभऱ्यात कोणी फोटोसाठी शिरले तर आपल्याला काय वाटेल?

आता आपल्याकडे येऊ. लोखंडाच्या गाडीला उतारावरून सरळ सोडत नाहीत, आणि आपण पावसाचे पाणी मात्र खुशाल सरळ सोडतो! उताराच्या दिशेने नांगरट आणि पेरणी केली की प्रत्येक तास म्हणजे पाण्याची उताराची वाट होते. पाण्याला वेग येतो आणि माती त्याच्याबरोबर जाते. बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात, जायला दोन-चार वळीव पुरतात. ढाळाला आडवी पेरणी, समपातळीवरचे बांध आणि जादा पाण्याला दगडी सांडवा, हे सगळे गाडीच्या वळशासारखेच आहे. वाट लांबवायची, वेग मोडायचा.

आज घरोघरी मोबाईल आहे. यंदा मृगाच्या आधी शेताच्या खालच्या कोपऱ्यावर उभे राहून वरच्या बांधाकडे एक फोटो काढा. उभे राहिलात तिथे दगड रोवून खूण ठेवा. चौकटीत एखादे झाड किंवा खांब येऊ द्या आणि तो सरळ दिसेल असा मोबाईल धरा. परतीचा पाऊस संपला की त्याच दगडापाशी उभे राहून दुसरा फोटो घ्या. नवी घळ पडली का, बांध कुठे फुटला, कुठल्या झाडाची मुळे उघडी पडली, हे दोन फोटो शेजारी ठेवून घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहा.

फोटोत काही वावगे दिसले, तर तो घेऊन आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जा. पुढच्या पावसाळ्याआधी बांधबंदिस्ती करायला हाताशी वेळ असेल.