शंभराचे दहा हजार

आमच्या लहानपणी ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओच. त्याच्या पोटात त्याच नावाचा तीन पायांचा चिमुकला भाग असतो, हे मला सत्तरी ओलांडल्यावर नातीने दाखवलं. मी मराठीची बीए, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

झालं असं, आमचा जुना रेडिओ अडॅप्टरवर लावला की बातम्यांमागे घूंऽऽ असा आवाज येई. नातीने मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एक रेझिस्टर आणि एक ट्रान्झिस्टर जोडला. घरघर जवळजवळ गेलीच! "आजी, याचा गेन १०० आहे. म्हणून हा छोटा कपॅसिटर १०,००० चा असल्यासारखा वागतो." म्हणजे कपॅसिटर नुसता इशारा देतो, रेडिओला लागणारा करंट ट्रान्झिस्टर वाहून नेतो. बदल्यात ०.७ व्होल्टच्या आसपास घट सोसायची.

मी पडले मास्तरीण. विचारलं, "मग लाइट गेली तर हा १०,००० चा असल्यासारखा तग धरेल का गं?"

ती हसली. "नाही आजी. साठा १०० चाच."

मग तिने कॉइलचीही गोष्ट सांगितली. फिलिप्समधल्या बर्नार्ड टेलेगेन यांनी १९४८ साली गायरेटरची कल्पना मांडली. तिच्या जोरावर तांब्याच्या जड कॉइलचं काम ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि कपॅसिटरकडून करून घेता येतं. इक्वलायझरमध्ये ते छान चालतं. पण ट्यूबलाइटच्या चोकच्या जागी बसवाल, तर ट्यूब पेटायची नाही. तो झटका कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेल्या ऊर्जेतून येतो.

अशा गोष्टींना कुणी 'नकली' म्हणतं, ते मला पटत नाही. नोकरीची पहिली दोन वर्षं मी रजेच्या जागेवर शिकवत होते. वर्गातल्या मुलांना कधी फरक जाणवला नाही. मला जाणवला, तो मे महिन्यात पगार थांबला तेव्हा. बदलीवरच्या माणसाचं काम खरंच असतं. खोटा असतो तो आपला समज, की काम दहा हजारांचं होतंय म्हणजे गाठीला साठाही तेवढाच आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, पर्याय जरूर वापरावा, त्याला मानही द्यावा. पण पुरवठा तुटला तर त्याचं काय होईल, हे आधी विचारून ठेवावं. माझ्या बाबतीत ते कुणी विचारलं नव्हतं.

असो. बातम्यांची वेळ झाली.