पीजेचा जुना भराव अखंड राहू द्या

पाचोरा–जामनेर नॅरोगेज, म्हणजे खानदेशाची ‘पीजे’, मार्च 2020 च्या टाळेबंदीत थांबली ती पुन्हा धावली नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस घातलेला हा 56 किलोमीटरचा मार्ग आता ब्रॉडगेज होऊन पुढे बोदवडला जोडला जायचा आहे. शेंदुर्णी, पहूर, जामनेरच्या लोकांना गाडी हवी आहे आणि ती मागणी सर्वांत आधी पुरी व्हावी. नवा मार्ग जिथे जुनी वळणे आणि जुनी स्थानके सोडून सरळ जाईल, तिथे मागे राहणाऱ्या पट्ट्यांचे काय करायचे, हा मात्र आपल्या वास्तुरचना-नगररचनेच्या व्यवसायाचा प्रश्न आहे. आमचे उत्तर स्पष्ट आहे: तिथे पायी आणि सायकलने जाण्याजोग्या निसर्गवाटा कराव्यात.

अशा जमिनीचे खरे मोल तिच्या सलगपणात असते. मधला एक तुकडा विकला गेला की वाट तुटते, आणि ती पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य होते. अमेरिकेने 1983 मध्ये कायद्यात तरतूद केली: बंद मार्ग भविष्यातील रेल्वेसाठी राखून ठेवावा आणि तोवर वाट म्हणून वापरावा. मिसुरीतील सुमारे 385 किलोमीटरची केटी ट्रेल याच आधारावर टिकली. सिंगापूरमध्ये 2011 साली मलेशियाची रेल्वे थांबल्यावर 24 किलोमीटरचा पट्टा हिरवी वाट म्हणून अखंड ठेवला गेला. आपल्याकडे अशी कायदेशीर तरतूद नाही, म्हणून निर्णय रूळ उचलण्यापूर्वीच व्हायला हवा.

काम मोठ्या खर्चाचे नाही. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. रेल्वेचा भराव मात्र शंभर वर्षांत दबून घट्ट झाला आहे. चढ सौम्य असल्याने म्हातारी माणसे आणि चाकाची खुर्चीही त्यावरून जाऊ शकेल. मोऱ्या मोकळ्या ठेवा, नाहीतर शेजारच्या शेतात पाणी तुंबेल. शेतकऱ्यांच्या बैलगाडी-ट्रॅक्टरच्या ओलांडण्याच्या जागा आराखड्यात आधी दाखवा, बाके नंतर. लागवडीला कडुनिंब, बाभूळ, बोर, पळस पुरेत. पारा 45 अंशांवर जाणाऱ्या जळगाव जिल्ह्यात सावली ही पहिली सुविधा आहे.

मात्र प्रत्येक बंद मार्गाची वाट करू नये. मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून जाणारा अकोला–खांडवा मीटरगेजचा पट्टा 2017 पासून बंद आहे. तिथे माणसांची वर्दळ नको. तो पट्टा जंगलालाच परत मिळावा.

जळगाव-धुळ्यातील वास्तुरचनाकार, नगररचनाकार आणि वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी या पावसाळ्यात एकत्र यावे. मोऱ्या, पूल, झाडे आणि हद्दीच्या खुणा नकाशावर घ्याव्यात, ग्रामसभांमध्ये तो नकाशा मांडावा आणि ठरावांसह रेल्वेच्या भुसावळ विभागीय कार्यालयाकडे द्यावा. नकाशा आणि ठराव हातात असले, तरच जमिनीचा निर्णय होताना आपले म्हणणे विचारात घेतले जाईल.