गिऱ्हाइकाची जीभ

जिभेला दोन कामे नेमून दिलेली आहेत, चव घेणे आणि बोलणे. पहिले काम ती बहुधा चोख करते. गडबड होते ती दुसऱ्यात. साध्या, स्वस्त खाण्याच्या ठिकाणांविषयी गिऱ्हाइके जी मते देतात, ती एकापुढे एक ठेवून वाचली की हे पटते.

अमेरिकेतल्या शहरांत ठिकठिकाणी दिसणारे ‘यीरो’चे दुकानच घ्या. मुलांकडे तिकडे जाऊन आलेल्या पुष्कळ मराठी आईवडिलांच्या ते पाहण्यात आले असेल. ग्रीक उच्चार ‘यीरोस’. स्पेलिंग पाहून ‘गायरो’ म्हणणारेही कमी नाहीत, आणि दुकानदार दोन्ही मुकाट्याने ऐकून घेतो. उभ्या सळईवर मांसाचा मोठा शंकू विस्तवासमोर फिरत असतो. लांब सुरीने त्याचे पातळ काप काढायचे, ते गरम पिटा रोटीत घालायचे, वर कांदा, टोमॅटो आणि काकडी-लसूण घातलेले घट्ट दही. शेवटची वस्तू म्हणजे आपल्या कोशिंबिरीची चुलत बहीणच. काउंटरवर पैसे द्या, कागदात गुंडाळलेला ऐवज घ्या, मिळेल त्या टेबलाशी बसा.

अशा दुकानाबद्दलची मते साधारण ठरलेली असतात. एक म्हणतो, मांस कोरडे होते. दुसरा म्हणतो, इतके रसरशीत कुठे खाल्ले नाही. तिसऱ्याच्या मते हे खरे ग्रीक नव्हेच. चौथ्याला टेबल चिकट लागले, आणि पाचवा गल्ल्यावरचा माणूस हसला नाही म्हणून रुसला.

पहिले दोघे परस्परविरुद्ध बोलत असूनही खरे बोलत असतील. शंकूचा फक्त बाहेरचा थर खरपूस होतो. तो कापला की आतला थर भाजायला वेळ द्यावा लागतो. ऐन जेवणाच्या गर्दीत कापणाऱ्याने घाई केली तर मांस फिके, मऊ पडते. दुपारी तीनच्या सुमारास दुकान ओस असेल तर तोच थर विस्तवासमोर वाळत राहतो. गिऱ्हाईक बेताचे, अखंड येत असेल तेव्हा पदार्थ सर्वांत उत्तम लागतो. म्हणजे आपल्या घासाची चव आपल्या आधी रांगेत किती माणसे होती यावरही ठरते. मत देणारा मात्र बारा महिन्यांचा निकाल तीन वाजताच्या एका घासावर लावून मोकळा होतो.

‘खरे ग्रीक नव्हे’ या तक्रारीत तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. अथेन्समध्ये हा पदार्थ बहुधा डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचे काप एकावर एक रचून करतात. अमेरिकेत प्रचलित आहे तो खिमा दाबून केलेला तयार शंकू. 1970च्या दशकात शिकागोच्या कारखान्यांनी तो घाऊक प्रमाणावर करायला सुरुवात केली आणि त्यामुळेच खिशाला परवडणारा यीरो गावोगावी पोचला. त्या खिम्यात मेंढीच्या मांसाबरोबर बहुधा गोमांसही असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारावे. कोंबडीचा यीरो पुष्कळ ठिकाणी मिळतो.

बरे, ‘खरे’ म्हणजे तरी कोणते? तुर्की ‘दोनेर’ म्हणजे फिरणारा, ग्रीक ‘यीरोस’ म्हणजे फेरा. 1922च्या वाताहतीनंतर आशिया मायनरमधून दहा लाखांहून अधिक निर्वासित ग्रीसमध्ये आले. त्यांच्या हातच्या चवीही त्यांच्याबरोबर आल्या. अरबांचा शवर्मा त्याच कुळातला. लेबनॉनहून मेक्सिकोत गेलेल्यांनी ही सळई तिकडे नेली, तर तिथे तिच्यावर डुकराचे मांस चढले आणि ते टाकोत जाऊन बसले. मिसळ खरी कोणत्या गावची, हा वाद घालणाऱ्या आपल्याला हे निराळे सांगायला नको. अन्न स्थलांतर करते तेव्हा नव्या गावचे होऊनच जगते.

हा सारा जिभेचा खेळ म्हणून सोडून देता आला असता. पण त्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून असते. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल लूका यांनी 2011 मध्ये सिएटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. गिऱ्हाइकांनी दिलेल्या ताऱ्यांत एकाची वाढ झाली की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. हा परिणाम स्वतंत्र दुकानांवर दिसला, साखळी-हॉटेलांवर नाही. बँकेत असताना छोट्या हॉटेलवाल्यांचे हिशेब आम्ही तपासत असू. भाडे, पगार, माल आणि हप्ता वजा जाता जे उरते ते इतके थोडे असते, की विक्रीतले पाच टक्के म्हणजे घरातल्या मुलाची फी असू शकते.

मग काय, चिकट टेबलाबद्दल बोलायचेच नाही? अवश्य बोलावे. शिळे मांस किंवा अस्वच्छ हात यांना स्वस्ताईची सबब चालत नाही. फक्त माप योग्य हवे. न्यूयॉर्कमध्ये टिम आणि नीना झगाट या वकील दांपत्याने 1979 मध्ये साध्या खवय्यांची मते गोळा करायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या पुस्तिकांत जेवण, सजावट आणि सेवा यांना तिसांपैकी वेगवेगळे गुण असत आणि खर्च निराळा दिलेला असे. त्यामुळे भिंतीचा रंग उडालेले, पण हाताला चव असलेले दुकानही मान राखून असे. आजच्या एका ताऱ्यात मांस, टेबल, हसू आणि गाडी उभी करायला न मिळालेली जागा, सगळ्याची एकच भेळ होते.

तेव्हा काप कोरडे लागले तर आधी काउंटरवर सांगावे. पुष्कळदा ताजे काप मिळतात. एकदा जमले नाही तर वेगळ्या वेळी पुन्हा जावे. आणि थोड्या पैशांत पोट भरून उठलो असू, तर तेही चार शब्दांत लिहावे. नाराज माणूस लिहायला वेळ काढतो, तृप्त माणूस हात धुऊन घरी जातो. दुकानदाराची पत मात्र पहिल्याच्याच शब्दांवर ठरत राहते.