दाराबाहेरचे दोन फूट

वृद्धनिवासांच्या या विशेषांकासाठी आलेल्या आराखड्यांत रॅम्प १:१२ चेच आहेत. दारे ९०० मिमीची आहेत, कमोडशेजारी आधाराचे दांडे आहेत, व्हीलचेअर वळवायला १५०० मिमीचे वर्तुळही इमानदारीने काढलेले आहे. काही वर्षांपूर्वी एवढे सांगण्यासाठीच संपादकीय खर्ची पडले असते. केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहसंकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली, २०२१ मध्ये सुगम्यतेची सुधारित मानके आली, आणि आपल्या कार्यालयांत ती निदान पीडीएफच्या रूपाने तरी पोचली आहेत. तेव्हा तक्रार मापांबद्दल नाही.

तक्रार टिपिकल फ्लोअर प्लॅनबद्दल आहे. मधोमध लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला एक खिडकी. त्या खिडकीचा झोत पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइड टाइलवर पडतो आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांना फरशी ओली वाटते. दार उघडले की माणूस थेट त्या बोगद्यात. हा हॉटेलचा प्लॅन आहे. हॉटेलात दोन रात्री काढायच्या असतात, शेजारच्या खोलीत कोण आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते. इथे येणारी बाई कदाचित दहा वर्षे राहणार आहे.

आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांपैकी कितीतरी जणांचे आयुष्य चाळीत, वाड्यात नाहीतर गावच्या घरात गेले. चाळीची गॅलरी, वाड्याची ओसरी, घरापुढचा ओटा या सगळ्या जागा धड आतल्या नव्हत्या, धड बाहेरच्याही नव्हत्या. तिथे नुसते बसता येत असे. येणारे-जाणारे दिसत; कोणाशी बोलायचे आणि कोणाला नुसती मान हलवायची, हे बसणाऱ्याच्या हातात असे. आपण या माणसांना दोनच पर्याय देतो: बंद खोली किंवा ‘मनोरंजन कक्ष’. त्या कक्षात जायचे तर साडी नीट करा, वॉकर घ्या, लिफ्टची वाट पाहा, आणि तिथे पोचल्यावर गप्पा मारायला आल्यासारखे बसा. गुडघे दुखत असतील त्या दिवशी खोली आणि टीव्ही जिंकतात. रॉबर्ट व्हेंचुरी यांनी साठच्या दशकात फिलाडेल्फियातल्या गिल्ड हाउस या वृद्धांच्या इमारतीवर सोनेरी टीव्ही अँटेना स्मारकासारखी उभी केली. आपल्याला कॉलेजात ती चतुर कल्पना म्हणून शिकवतात. मला ती नेहमीच राहणाऱ्यांच्या जिवावर केलेली थट्टा वाटत आली आहे.

त्याच पिढीतले हर्मन हर्ट्झबर्गर ॲमस्टरडॅमच्या ‘द द्री होव्हन’ या वृद्धनिवासावर (१९६४ ते ७४) काम करताना नेमके दारापाशी थांबले. कॉरिडॉरला त्यांनी गल्ली मानले आणि खोलीच्या तोंडाशी लहानशी ओसरी दिली. दारे आडवी दोन भागांत कापलेली. वरचा भाग उघडा ठेवला की ‘मी आहे, बोललात तर चालेल’ एवढे सांगून होते. खालचा भाग बंद असल्यामुळे कोणी थेट आत शिरत नाही. पीटर झुमथर यांनी १९९३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कूर शहराच्या मासान्स भागात पूर्ण केलेल्या वृद्धनिवासात खोल्या एकाच बाजूला आहेत आणि पूर्वेकडे रुंद, उजेडाचा कॉरिडॉर आहे. तिथे माणसे स्वतःच्या खुर्च्या, कपाटे आणून मांडतात. परिसंवादांत मात्र दरवेळी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वसवलेल्या नेदरलँड्समधल्या हॉगवेक गावाचे फोटो दाखवले जातात. ते गाव चांगलेच आहे, पण आपल्या अर्ध्या एकराच्या प्लॉटवर त्यातले काय उचलता येणार? दार उचलता येते.

आपल्याकडे दारापाशीच्या या जागेचे पहिले काम अगदी साधे आहे, चपला. आपण चपला बाहेर काढतो, आणि आराखड्यात त्यांना जागा नसल्यामुळे त्या कॉरिडॉरमध्ये पसरतात. वॉकर तिथेच अडखळतो. दाराशेजारी भिंत ६०० मिमी आत घ्या, १२०० मिमी रुंद. त्यात ४५० मिमी उंचीचा ओटा, खाली चपला, वर एक कोनाडा आणि दिवा. बसून चपला घालता येतात, कुलूप उघडताना पिशवी टेकवता येते. कोनाड्यात कोणी गणपती ठेवील, कोणी नातवाचा फोटो. एकाच लॅमिनेटच्या वीस दारांतून आपले दार ओळखताना ज्यांची स्मृती दगा देते, त्यांना खोली क्रमांक २१४ पेक्षा तो गणपती जास्त उपयोगी पडतो.

आक्षेप मला ठाऊक आहेत. अग्निशमन अधिकारी कॉरिडॉरमध्ये काहीही ठेवू देणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. म्हणून जागा भिंतीच्या आत हवी, १८०० मिमीची वाट मोकळी ठेवून. दोन भागांचे दार अग्निरोधकतेच्या नियमात बसले नाही, तर दाराशेजारी आतून उघडणारी लहान खिडकी द्या. रात्री फेरी मारणाऱ्या मावशींनाही दार न उघडता डोकावता येईल. मावशींच्या फेरीचा प्रश्न अधिक खरा आहे. ३.६ मीटरच्या वीस खोल्या एकाच बाजूला मांडल्या तर कॉरिडॉर ७२ मीटरचा होतो, दोन बाजूंना मांडल्या तर ३६ मीटरचा. रात्रपाळीला एकच मावशी असेल तर हा फरक तिच्या पायांना कळतो. यावर वाड्याने उत्तर देऊन ठेवले आहे: चौक. आठ-दहा खोल्या चौकाभोवती घ्या, मावशींचे टेबल सगळी दारे दिसतील असे ठेवा, आणि असे गट एकमेकांना जोडा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची कल्पना आहे. हा आकडा वाचला की आपला हात आपोआप वसतिगृह काढू लागतो. १५० म्हणजे दहा-दहांचे पंधरा चौकही होतात.

चौरस फुटांचे दुखणे उरतेच. कार्पेटमध्ये न येणारा फूट विकासकाला सलतो. त्यातून खोली बघायला येतो तो बहुधा परदेशातला मुलगा. त्याला सॅम्पल फ्लॅट आणि बाग दाखवली जाते, कॉरिडॉरचा फोटो मी एकाही ब्रोशरमध्ये पाहिलेला नाही.

बाथरूमबद्दल एकच. दार अजूनही आत उघडणारे काढता आहात. आत माणूस पडला तर तोच दाराला अडसर होतो. बाहेर उघडा किंवा सरकते द्या, आणि कडी बाहेरूनही निघेल अशी.

पुन्हा त्या ओट्याकडे. तो १:५० च्या ड्रॉइंगमध्ये दिव्यासकट दाखवा आणि बीओक्यूमध्ये बांधकामात धरा, कडाप्प्यासह. ‘फर्निचर’ या शीर्षाखाली गेलेला बाक पहिल्याच कपातीत उडतो. बांधकामातला ओटा ठेकेदाराला बांधावाच लागतो. दिव्याचे बटण खोलीच्या आत, रहिवाशाच्या हाताशी द्या; कॉरिडॉरच्या सर्किटवर टाकलात तर खर्च वाचवायला रात्री दहाला कोणीतरी बंद करील.